बँडमास्तरांची मूठ

गुरुवारी सकाळी न्हाणीघराचं दार आतून लावून मास्तर आपल्या कवळीला टेफलॉन टेप गुंडाळत उभे होते.

ही टेप नळाच्या आट्यांना लावतात, दातांना नव्हे, हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पाणीपुरवठा खात्यात त्यांचा जन्म गेला होता. रस्त्याखाली कुठे पाइप गळतोय अशी शंका आली की मास्तर लोखंडी सळई जमिनीला टेकवत, तिचं वरचं टोक कानाला लावत आणि म्हणत, "इथे खणा." तिथे खणलं की तिथेच पाणी लागायचं. पण जन्मभराची सवय ती सवय. गळती दिसली की हात आपोआप टेपेकडे जायचा. वरची कवळी हल्ली सैल झाली होती. ट्रम्पेट वाजवताना तिच्या बाजूने फुस्स करून वारा निसटत होता, म्हणजे मास्तरांच्या हिशेबी ती गळतीच होती. त्यांनी टेपेचे दोन वेढे दिले, कवळी तोंडात बसवली आणि नळ आवळावा तशी दातांवर दात दाबून ती आवळली.

कट्ट असा आवाज झाला. समोरचे तीन दात, गुलाबी हिरडीच्या तुकड्यासकट, बेसिनमध्ये पडले आणि भोकातून थेट खाली गेले, कारण भोकावरची जाळी मास्तरांनीच आदल्या दिवशी साफ करायला काढली होती. दुसरा कुणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. मास्तरांनी पाना घेतला, बेसिनखालचा ट्रॅप उघडला, तुकडा काढला, धुतला, ट्रॅप परत बसवला, पाणी सोडून गळत नाही ना ते पाहिलं, आणि मग डोक्याला हात लावून बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडमास्तर. पाणीपुरवठा खात्याचा पितळी बँड त्यांनीच उभा केला होता. दिवसा पाइप जोडणारे, मीटर वाचणारे, पंप चालवणारे लोक संध्याकाळी जुन्या पंपहाऊसमध्ये ट्रम्पेट नि ट्रॉम्बोन घेऊन बसायचे. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी मास्तरांनी बँड काही सोडला नव्हता. तो सोडायचा दिवस आता ठरला होता. येत्या रविवारी बागेतल्या कार्यक्रमात बँडची काठी सूनबाईच्या हातात जाणार होती, आणि काठी दिल्यावर मास्तर एकट्याने ट्रम्पेटवर सलामीची धून वाजवणार होते. त्या धुनेच्या शेवटी एक लांबच लांब सूर आहे. तो धरताना मास्तरांचे कान लाल होतात, आणि पुढच्या रांगेतली माणसं स्वतःचा श्वास रोखून बसतात.

सूनबाई म्हणजे मास्तरांच्या अभिमानाचा मोठा विषय. मुलगा जहाजावर इंजिन सांभाळतो, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. लग्न होऊन घरात आली तेव्हा सूनबाईला साधी शिट्टीही वाजवता येत नव्हती. सासऱ्यांचा सराव ऐकता ऐकता एक दिवस तीच म्हणाली, बाबा, मलाही शिकवा. मास्तरांनी शिकवलं, आणि असं शिकवलं की पाच वर्षांत बँडमधली जुनी खोडंही तिच्या इशाऱ्याकडे बघून वाजवायला लागली. शिकवताना मास्तर एक गोष्ट मात्र फार वेळा सांगत. ट्रम्पेट ओठांनी वाजत नाही, ओठांमागच्या दातांनी वाजतं. मग स्वतःच्या दातांवर नखाने टकटक करून म्हणत, "बत्तीसच्या बत्तीस. आणि सगळे आपले स्वतःचे."

वरचे सगळे सहा वर्षांपूर्वीच गेले होते. बँडच्या सामानाची खरेदी आहे असं सांगून मास्तर परगावी गेले होते आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरकडून कवळी करून आले होते. रात्री ती न्हाणीघरात गिझरच्या मागे, उंच फळीवर, एका पेल्यात पाण्यात बुडालेली असायची. हे जगात कुणालाही ठाऊक नाही, बायकोलासुद्धा नाही, याची मास्तरांना पक्की खात्री होती. आणि आता कवळीचे दोन तुकडे हातात घेऊन ते उभे होते, रविवार तोंडावर आला होता, आणि सूनबाई दारावर थापा मारत होती.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सूनबाई एका शीतगृहाच्या ऑफिसात कामाला आहे. तिथे मागच्याच आठवड्यात प्रथमोपचाराचं शिबिर झालं होतं. पक्षाघाताचा झटका कसा ओळखायचा, त्याच्या तीन खुणा तिला अगदी तोंडपाठ होत्या. त्या कुणावर तरी वापरून बघायला ती टपली होती असं म्हटलं तर तिला राग येईल, पण टपली होती.

मास्तर बाहेर आले ते ओठ घट्ट मिटून, उजवी मूठ लेंग्याच्या खिशात घालून. एवढा वेळ का लागला म्हणून तिने विचारलं. काही नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं, पण वरचे दात नसलेल्या तोंडातून जे बाहेर पडलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. सूनबाईने खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली.

"बाबा, जरा हसून दाखवा."

मास्तरांनी ओठ न उघडता हसायचा प्रयत्न केला. तोंडाचा एकच कोपरा वर गेला.

"आता एक पूर्ण वाक्य बोला. काहीही."

मास्तरांनी मान हलवून नकार दिला.

"दोन्ही हात वर करा."

डावा वर गेला. उजवा खिशातच राहिला.

तीनपैकी तिन्ही खुणा जुळल्या म्हटल्यावर सूनबाईने फोन उचलला. पत्ता नीट सांगितला, मजला सांगितला, वय सांगितलं, आवाज जराही चढवला नाही. मास्तर बघत राहिले. त्या घोटाळ्यातही त्यांच्या मनात आलं की बँड सांभाळायला अशीच बाई हवी, हिच्या हातात काठी देण्यात आपण चूक केलेली नाही. हे तिला सांगावं असं फार वाटलं, पण सांगायचं तर तोंड उघडायला हवं होतं. खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं तरी तोंडच उघडायला हवं होतं. बत्तीसच्या बत्तीस म्हणून जिच्यापुढे पाच वर्षं टकटक केली, तिच्यापुढे हे बोळकं कसं उघडणार? त्यापेक्षा अँब्युलन्स बरी, असं मास्तरांनी ठरवलं आणि निमूटपणे जाऊन स्ट्रेचरवर आडवे झाले.

सत्तरी ओलांडली तेव्हा सरकारने मास्तरांना ज्येष्ठांचं आरोग्य कार्ड दिलं होतं. ते कार्ड सदऱ्याच्या खिशात सतत असायचं. आजवर एकदाही वापरावं लागलं नाही, हाही त्यांचा एक अभिमान होता. सूनबाईने दवाखान्याच्या योजना-खिडकीवर ते कार्ड टेकवलं मात्र, आणि सगळी दारं उघडली. खाट मिळाली, रक्त घेतलं, छातीला तारा जोडल्या, डोकं एका गरगरणाऱ्या यंत्रात घालून झालं. पैशाचं नाव कुणी काढलं नाही. नळाची तक्रार केल्यावर खात्याचा माणूस यायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात मास्तर अर्धेअधिक तपासून झाले होते.

अडचण फक्त कपड्यांची झाली. दवाखान्याने त्यांना जो हिरवा झगा घातला त्याला खिसाच नव्हता. तेव्हा कवळीचे दोन्ही तुकडे मास्तरांनी उजव्या मुठीत धरले आणि मूठ घट्ट आवळली. यंत्रात जाण्याआधी एका नर्सने विचारलं, तोंडात कवळी वगैरे आहे का. मास्तरांनी ठामपणे मान हलवून नाही म्हटलं. त्या क्षणी तरी ते अगदी खरं बोलत होते.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, पण चेहरा परीक्षकाचा. त्यांनी मूठ उघडायला सांगितली. मास्तरांनी ती आणखी आवळली. डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट सोडवून बघितलं, मग नर्सने बघितलं, मग दोघींनी मिळून बघितलं. जन्मभर पाने फिरवलेली मूठ ती, उघडते कुठली? बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. यंत्रातले फोटो तर स्वच्छ दिसत होते, पण रुग्ण हसत नाही, बोलत नाही आणि हात उघडत नाही, म्हणजे काहीतरी दडलेलं आहे. त्यांनी वरच्या डॉक्टरांना बोलावलं. वरच्या डॉक्टरांनी मास्तरांच्या मुठीभोवती चार शिकाऊ डॉक्टर जमवले आणि हा प्रकार पुस्तकात सापडत नाही असं त्यांना समजावून सांगितलं. मनाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवावं असं ठरलं. तेही योजनेत बसत होतं.

सूनबाई खाटेशेजारी बसून होती. ऑफिसला तिने कळवलं होतं, जहाजावर निरोप धाडला होता, आणि रविवारचा कार्यक्रम रद्द करावा का, असं बँडमधल्या मोठ्या भोंगेवाल्याशी ती हळू आवाजात बोलत होती. ते मात्र मास्तरांनी ऐकलं. आपल्या तीन दातांपायी पोरीचा दिवस जाणार. आता सांगूनच टाकावं, असं ठरवून त्यांनी ओठ विलग केले, तेवढ्यात दारात वहिनी उभ्या राहिल्या.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. सगळा बँड त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून आपणही म्हणू. त्या सकाळीच बहिणीकडे गेल्या होत्या, निरोप मिळाल्यावर पळत आल्या होत्या, आणि धाप लागलेली असतानाच त्यांनी नवऱ्याकडे एकवार नीट बघितलं. मग मुठीकडे बघितलं. त्यांची धाप थांबली.

"अहो, मूठ उघडा."

सहा डॉक्टरांना न उघडलेली मूठ उघडली. आत टेफलॉन टेपेत अडकलेले दात होते.

वहिनींनी तुकडे उचलले, टेप सोलून काढली, तुकडे रुमालात बांधले. मास्तरांनी बोबड्या तोंडाने कसंबसं विचारलं की तुला कधी कळलं.

"सहा वर्षं त्या पेल्यातलं पाणी रोज कोण बदलतंय असं वाटलं तुम्हाला?"

जन्मभर गावाला पाणी पुरवलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. सावरल्यावर त्यांनी सूनबाईला सांगितलं की तू केलंस ते अगदी बरोबर केलंस, शंका आली की असंच ताबडतोब आणायचं, दहातल्या नऊ वेळा कवळी नसते. मग मास्तरांना म्हणाल्या की आजोबा, तुमचा मेंदू वयाच्या मानाने फार सुंदर आहे. वापर बेताचाच झालाय, म्हणून टिकलाय, असं वहिनी म्हणाल्या.

सूनबाई मात्र हसली नाही. ती उठली आणि तडक खोलीबाहेर गेली.

मास्तरांना कवळी फुटल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं आता वाटलं. पोरीच्या मनातून उतरलो, असं ते समजले. थोड्या वेळाने घरी जायची परवानगी मिळाली. सदरा-लेंगा घालून, वहिनींच्या मागे खाली मान घालून ते जिना उतरले, आणि योजना-खिडकीशी येऊन थबकले. सूनबाई तिथे उभी होती. नुसती उभी नव्हती, भांडत होती.

"त्यांचा मेंदू धड होता, तो तुम्ही फुकट तपासलात. हृदय धड होतं, तेही तपासलंत. जे मोडलंय तेवढंच नेमकं योजनेत नाही?"

खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या. सकाळपासून शंभर जणांना सांगितलेलं त्यांनी शंभर-एकाव्यांदा शांतपणे सांगितलं. हृदय, मेंदू, किडनी, गुडघा, मोतीबिंदू, हे सगळं योजनेत बसतं. दात, चष्मा आणि कानाचं यंत्र बसत नाही. त्यासाठी वेगळा पूरक विमा घ्यावा लागतो. सूनबाईने तोही विचारून घेतला. तर पूरक विम्यात दात बसतात, पण विमा घेताना ते तोंडात असले पाहिजेत, आणि घेतल्यानंतर एक वर्ष ते मोडता कामा नयेत.

"म्हणजे आज दात असले तर पुढच्या वर्षी मोडायची परवानगी मिळणार," सूनबाई म्हणाली. "बाई, हे ट्रम्पेट वाजवतात. सुताराचा रंधा तसे ह्यांचे दात. रविवारी ह्यांना वाजवायचंय."

मागे उभ्या असलेल्या मास्तरांचे कान लाल झाले, लांब सूर धरल्यासारखे. पोरगी मनातून उतरवून निघून गेली नव्हती. ती आपल्या दातांसाठी सरकारशी भांडायला गेली होती. मास्तरांनी उगाच भिंतीवरच्या पाइपाला हात लावून बघितला. तो कोरडा होता.

"सूनबाई, चल घरी," वहिनी म्हणाल्या. "डबा आहे आपला."

डब्याचं नाव निघताच मास्तरांनी जोरजोरात मान हलवली. का, ते सांगायला हवं. ज्येष्ठांची योजना आली तेव्हा तिच्यातली गळती सगळ्यांच्या आधी शोधली ती मास्तरांनीच. दात, डोळे, कान. वाजवणाऱ्याला नेमकं हेच तर लागतं. म्हणून त्यांनी बँडचा स्वतःचा गळती फंड काढला. प्रत्येक कार्यक्रमाच्या बिदागीतला थोडा भाग वहिनींकडच्या डब्यात पडायचा, आणि ज्याचा दात हलला, ज्याला सुरांचा कागद दिसेना, त्याला त्यातून मदत मिळायची. पण खात्यात गळतीच्या खोट्या तक्रारी फार येत, त्या सवयीने मास्तरांनी नियम कडक ठेवला होता. मागणाऱ्याने पंपहाऊसच्या मधोमध उभं राहायचं आणि दातांसाठी एक लांब सूर, चष्म्यासाठी कागदावरची धून वाजवायची. बँडने डोळे मिटून ऐकायचं. गळती कानाला कळली पाहिजे, मग डबा उघडणार. मोठा भोंगेवाला असा उभा राहिला होता, झांजवाला चष्म्यासाठी राहिला होता, ट्रॉम्बोनवाले दोघेही राहिले होते. प्रत्येकाच्या वेळी मास्तरांनी त्याची पाठ थोपटली होती आणि मग स्वतःच्या दातांवर टकटक करून म्हटलं होतं, मला काही अजून वेळ आलेली नाही.

नियम बदलू, तुम्ही घरातच वाजवा, मी एकटी ऐकते, असं वहिनींनी सुचवून बघितलं. तेव्हा मात्र मास्तरांचा पीळ जागा झाला. नियम सगळ्यांना सारखा. मागायचं तर पंपहाऊसमध्ये उभं राहूनच मागायचं, नाहीतर मागायचंच नाही. मागायचं नाही असंच त्यांच्या मनात होतं, पण शुक्रवारी दिवसभर पेज पिताना रविवार काही डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी संध्याकाळी पंपहाऊसमध्ये सगळा बँड जमला. मास्तर मधोमध जाऊन उभे राहिले. आपण काय सांगणार आहोत ते त्यांनी घोकून ठेवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सांगायचं काही उरलंच नाही. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. बँडने डोळे मिटले.

फुस्स.

सूर आला, नाही असं नाही, पण त्याच्या दुप्पट वारा आला. फुटलेल्या मेन लाइनवर सळई टेकवल्यावर येतो तसा आवाज सगळ्या पंपहाऊसमध्ये भरला. मास्तरांनी तो सोडला नाही, नियमाप्रमाणे श्वास संपेपर्यंत धरला. मग ट्रम्पेट खाली घेतलं आणि जमिनीकडे बघत उभे राहिले. मोठा भोंगेवाला उठला, त्यांच्याजवळ आला आणि त्याने त्यांची पाठ थोपटली. मग झांजवाला उठला. रांगच लागली. टकटक कुणीच केली नाही, कारण करण्यासारखं फारसं कुणाकडे उरलं नव्हतं.

शेवटी सूनबाई आली. ती पाठ थोपटणार नव्हती, सासऱ्यांची पाठ थोपटायची कशी?

"बाबा, दवाखान्यात मी हिशेब करत होते," ती म्हणाली. "कवळी सहा वर्षांपूर्वीची. मी घरात आले पाच वर्षांपूर्वी. म्हणजे तुमच्या खऱ्या दातांचा सूर मी कधी ऐकलेलाच नाही. मी ऐकून वेडी झाले तो ह्या कवळीचा. शिकले तो हिचा. मला तर त्याच्यापेक्षा चांगला सूर अजून कुठे ऐकायला मिळालेला नाही."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनींनी डबा उघडला.

नवी कवळी करायला वेळ लागणार होता. तोवर जुनीच सांधून देतो, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि रविवारी सकाळी खरोखरच सांधून दिली. अट एकच घातली, जेवा, बोला, हसा, पण हिच्यावर जोर देऊ नका. ट्रम्पेट वाजवू का, असं मास्तरांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर डॉक्टर नाही म्हणाले असते.

बाग गच्च भरली होती. पुढच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मेंदूच्या डॉक्टरीणबाई, आणि एका खुर्चीवर चक्क योजना-खिडकीवरच्या बाई. मास्तरांनी काठी सूनबाईच्या हातात दिली. देताना त्यांची मूठ पटकन सुटेना, पण ते पक्षाघाताने नव्हे, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते पुढे झाले आणि सलामीची धून सुरू केली.

काय वाजवली म्हणून सांगावं! पहिल्या सुरालाच झाडावरची पाखरं उठली. मधल्या फिरक्या त्यांनी अशा घेतल्या की झांजवाला झांजा मांडीवर ठेवून बघतच राहिला. मग शेवटचा लांब सूर आला. कान लाल झाले, पुढच्या रांगेने श्वास रोखले, सूर चढला, भरला, थांबला, आणि अगदी त्याच वेळी मास्तरांना तोंडात एक ओळखीचा आवाज जाणवला. कट्ट.

वारा निसटायला लागला. अजून कुणाला कळलं नव्हतं, पण आणखी क्षणभरात सगळ्या बागेला कळलं असतं. आणि त्या क्षणभरातच डाव्या बाजूने तोच सूर आला, तेवढाच भरलेला, तेवढाच गोल. सूनबाईने काठी काखेत मारली होती आणि आपलं ट्रम्पेट ओठांना लावलं होतं. शेजाऱ्याचा श्वास संपत आला की त्याचा सूर आपण उचलायचा, ऐकणाऱ्याला मध्ये फट कळता कामा नये, हा बँडचा पहिला धडा. तो तिला मास्तरांनीच दिला होता. त्यांनी आपला सूर अलगद सोडला, तिने धरला, आणि बागेतल्या कुणालाही जोड दिसला नाही. सळई लावून ऐकलं असतं तरी सापडला नसता, असं मास्तर अजून सांगतात.

सूर संपला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी तुकडे हळूच हातात काढून घेतले, आणि मग सूनबाईकडे बघून त्यांना इतका आनंद झाला की राहवेना. सगळ्या गावासमोर तोंड भरून हसले. मधले तीन नाहीत, बाजूचे नाहीत, वर नुसतं मैदान. सूनबाईने ते हसू बघितलं. टाळ्यांच्या गजरात ती त्यांच्या कानाशी वाकली.

"हसून झालं. आता एक पूर्ण वाक्य."

"माझी सून आहे ही," मास्तर म्हणाले. दात नसतानाही ते सगळ्यांना स्वच्छ कळलं.

"आता दोन्ही हात वर."

मास्तरांनी दोन्ही हात वर केले, एकात ट्रम्पेट आणि दुसऱ्यात कवळी. लोकांना वाटलं निरोपाची सलामी आहे, आणि सगळी बाग उठून उभी राहिली.